क्रोशाने चौकडीचे टेबलमॅट आणि टेबलक्लॉथ विणताना या चुका टाळा

फुलापानांची नक्षी विणताना एखादा टाका इकडचा तिकडे झाला, तर तो नक्षीत मिसळून जातो आणि पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. चौकडीच्या विणीत तशी सोय नसते. तिथे एक चौकोन जरा बुटका झाला की शेजारचा चौकोन लगेच त्याची चुगली करतो, आणि कापड टेबलावर पसरल्यावर टेबलाची सरळ कड शेजारीच असल्यामुळे अर्ध्या सेंटिमीटरचा तिरकेपणाही डोळ्यांत भरतो. असे काम बिघडले की विणणारी व्यक्ती बहुधा स्वतःच्या हाताला दोष देते. हात फार घट्ट आहे किंवा फार सैल आहे, असे म्हणून गप्प बसते. प्रत्यक्षात बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा सुई हातात घेण्यापूर्वीच्या हिशेबात, सुताच्या निवडीत किंवा रंग बदलण्याच्या पद्धतीत असते, आणि ते नेमके कुठे आहे हे कळले तर पुढचे काम बरेच सोपे होते.

येथे मुख्यतः तीन छटांची चौकडी गृहीत धरली आहे. तिच्यात एका पट्ट्यात गडद आणि मध्यम चौकोन आलटून पालटून येतात, तर त्यावरच्या पट्ट्यात गडदच्या डोक्यावर मध्यम आणि मध्यमच्या डोक्यावर पांढरा चौकोन येतो. एकरंगी जाळीची चौकडी आणि उभ्या साखळ्यांची चौकडी यांचे प्रश्न थोडे वेगळे असल्याने त्यांचा विचार नंतर केला आहे.

टाके आणि ओळी सारख्याच मोजणे

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे पाच टाके आणि पाच ओळी घेतल्या की चौरस तयार होईल असे मानणे. कागदावरच्या आलेखात प्रत्येक टाक्यासाठी एक चौरस घर असते, त्यामुळे हा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु सिंगल क्रोशेचा, म्हणजे साध्या बुटक्या विणीचा टाका उंचीपेक्षा रुंदीला थोडा जास्त असतो. समजा, माप पाहण्यासाठी आधी विणलेल्या नमुन्याच्या तुकड्यात १० सेंटिमीटर रुंदीत २० टाके आणि १० सेंटिमीटर उंचीत २४ ओळी बसल्या. मग पाच टाक्यांची रुंदी २.५ सेंटिमीटर होते, पण पाच ओळींची उंची जेमतेम २.१ सेंटिमीटर भरते. एका चौकोनात हा फरक क्षुल्लक वाटतो, मात्र उंचीला १३ चौकोन असलेल्या मॅटमध्ये तो वाढत जाऊन साडेबत्तीस सेंटिमीटरऐवजी सुमारे २७ सेंटिमीटरचेच कापड हाती येते आणि सगळे चौकोन वरून दाबल्यासारखे दिसतात. या मापाला पाच टाक्यांवर सहा ओळी हेच प्रमाण योग्य ठरते.

म्हणून नमुन्याचा तुकडा विणण्याला पर्याय नाही. तो किमान १५ सेंटिमीटरचा असावा आणि माप मधल्या १० सेंटिमीटरचे घ्यावे, कारण कडेचे टाके नेहमीच थोडे ओढलेले असतात. शिवाय तो एकाच रंगात विणून उपयोग नाही. दुसरा धागा टाक्यांच्या आतून नेताना वीण किंचित जाड आणि रुंद होते, तेव्हा नमुनाही दोन रंगांतच विणला पाहिजे. पुढे तो धुऊन, वाळवून मगच मोजावा. सुती धागा पहिल्या धुण्यात आटतो. समजा तो पाच टक्के आटला, तर ४५ सेंटिमीटरच्या मॅटची लांबी पावणेत्रेचाळीस सेंटिमीटरवर येते.

ओळींची संख्या ठरवताना आणखी एक गोष्ट पाहावी, जिचा उल्लेख नमुन्यांच्या सूचनांत क्वचितच असतो. एका चौकोनात ओळी सम असल्या, म्हणजे चार, सहा किंवा आठ, तर पट्टा संपताना धागा जिथून सुरू केला त्याच कडेला परत येतो आणि पुढच्या गडद पट्ट्यासाठी तो कडेने वर नेता येतो. ओळी विषम असल्या तर धागा समोरच्या कडेला अडकतो, प्रत्येक पट्ट्यानंतर तो तोडावा लागतो आणि खोवायच्या टोकांची संख्या विनाकारण वाढते. रुंदीत मात्र चौकोनांची संख्या विषम ठेवावी. १७ चौकोन, म्हणजे ८५ टाके घेतले, तर मॅटच्या दोन्ही बाजूंना एकाच रंगाचा चौकोन येतो. १८ घेतले तर एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला मध्यम रंग येऊन कापड कुठून तरी कापून आणल्यासारखे वाटते. उंचीलाही हाच नियम लावला की चारही कोपरे गडद येतात.

सूत आणि रंग निवडताना होणारी फसगत

तिन्ही रंगांचे सूत सारखेच विकत घेणे ही चूक हमखास होते. रुंदीला १७ आणि उंचीला १३ अशा मॅटमध्ये एकूण २२१ चौकोन असतात. त्यांपैकी गडद ६३, पांढरे ४८ आणि मध्यम छटेचे तब्बल ११० असतात. म्हणजे ढोबळ मानाने निम्मे सूत मध्यम छटेचे लागते आणि उरलेल्या निम्म्यात गडद व पांढरा बसतात. मध्यम सूत अर्ध्यावर संपले आणि नंतर दुसऱ्या लॉटमधला, म्हणजे वेगळ्या वेळी रंगवलेला गुंडा आणला, तर रंगाचा क्रमांक तोच असूनही छटेत बारीकसा फरक पडू शकतो, जो सहा मॅटच्या संचात ओळीने मांडल्यावर स्पष्ट दिसतो. सगळे गुंडे एकाच वेळी आणि वेष्टनावरचा लॉट क्रमांक जुळवूनच घ्यावेत.

मध्यम छटा खरोखर मध्यम आहे का, हे नुसत्या डोळ्यांना नीट कळत नाही, कारण आपले लक्ष रंगाकडे जाते आणि उजेड-अंधाराच्या प्रमाणाकडे दुर्लक्ष होते. तिन्ही गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढावे. त्यात मधला गुंडा गडद आणि पांढऱ्याच्या बरोबर मध्ये दिसला पाहिजे. तो गडदकडे झुकला तर चौकडीऐवजी पांढऱ्या ठिपक्यांचे कापड दिसते, आणि पांढऱ्याकडे झुकला तर गडद चौकोन एकटे पडतात. मनासारखी छटा मिळत नसेल, तर बारीक सुताचे दोन धागे एकत्र घेऊन विणण्याचा मार्ग उत्तम आहे. गडद चौकोनाला दोन्ही धागे गडद, पांढऱ्याला दोन्ही पांढरे आणि मध्यमला एक गडद व एक पांढरा घ्यावा. मागावरच्या चौकडीच्या कापडातही मधली छटा अशीच तयार होते. तिथे रंगीत ताणा पांढऱ्या बाण्याला छेदून जातो. माझ्या मते तयार मध्यम छटेपेक्षा ही मिश्र छटा जास्त सुरेख दिसते.

टेबलावरच्या वस्तूंसाठी ॲक्रिलिक लोकर वापरू नये. ती पाणी नीट शोषत नाही आणि गरम भांड्याखाली मऊ पडून कायमची बसते किंवा वितळते. सुती धाग्यालाही मर्यादा आहेत. एकेरी सुती कोस्टर कपासाठी पुरेसे असले, तरी चुलीवरून उतरवलेल्या भांड्याखाली दुहेरी, जाड विणलेलाच तुकडा हवा. मर्सराइज्ड, म्हणजे कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेले सूत चौकडीसाठी सोयीचे असते, कारण त्याचे तंतू फारसे फुलत नाहीत आणि चौकोनांच्या कडा स्वच्छ दिसतात. सुतावरची ही प्रक्रिया जॉन मर्सर यांनी १८४४ मध्ये शोधली. पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो यांनी ती सूत ताणून धरून केली, तेव्हा आज आपल्याला माहीत असलेली चकाकी आली. बारीक क्रोशाच्या दोऱ्यात क्रमांक जितका मोठा तितका दोरा बारीक असतो, हे लक्षात न घेता १० ऐवजी ३० क्रमांकाचा दोरा आणला जातो आणि मग टेबलक्लॉथचे माप भलतेच लहान येते. १० क्रमांकाच्या दोऱ्याला साधारण १.२५ ते १.७५ मिलिमीटरची पोलादी सुई लागते.

लाल, गर्द निळा किंवा काळा दोरा पांढऱ्याशेजारी विणायचा असेल, तर आधी त्याचा रंग जातो का ते पाहावे. दोऱ्याचा हातभर तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या सुती कापडात घट्ट दाबून ठेवावा आणि अर्ध्या तासाने कापड पाहावे. डाग पडला तर दोरा मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होईल या भरवशावर राहू नये. सूत रंगवण्याच्या प्रक्रियेत मिठाचा उपयोग होतो हे खरे, परंतु रंगवून झालेल्या सुती धाग्यावरचा सुटा रंग घरगुती मिठाने बसत नाही. असे सूत पाणी स्वच्छ येईपर्यंत आधीच धुऊन घ्यावे, किंवा पांढऱ्यासोबत वापरूच नये.

पाया आणि कडा

पायाची साखळी घट्ट झाली की कापड खालून आवळलेले आणि वर पसरलेले दिसते. ताणून वाळवल्याने हा दोष जात नाही, तेव्हा पहिल्या चार-पाच ओळींत तो दिसताच उसवणे हाच उपाय. साखळी विणण्यापुरती अर्ध्या मिलिमीटरने मोठी सुई घ्यावी आणि पहिली ओळ साखळीच्या मागच्या उंचवट्यात विणावी, म्हणजे खालची कडही वरच्या कडेसारखीच दिसते.

मॅट हळूहळू निमुळती होत जात असेल तर प्रत्येक ओळीत शेवटचा टाका सुटतो आहे, आणि रुंद होत असेल तर सुरुवातीला एक जादा पडतो आहे, असे समजावे. सिंगल क्रोशेत ओळ पलटताना घेतलेली एक साखळी सहसा टाका म्हणून मोजत नाहीत, म्हणून पहिल्याच टाक्यात सुई घालायची असते. खांबाच्या, म्हणजे सुईवर आधी एक वेढा घेऊन घातलेल्या उंच टाक्याच्या विणीत मात्र पलटताना घेतलेल्या तीन साखळ्या हाच पहिला खांब असतो. तिथे पहिला टाका सोडावा लागतो आणि ओळीच्या शेवटी खालच्या तीन साखळ्यांच्या डोक्यावर एक खांब घ्यावा लागतो. चौकडीत टाके मोजण्याची एक आयती सोय आहे: ओळ संपताना शेवटच्या चौकोनात पाचाऐवजी चार टाके दिसले, तर चूक त्याच ओळीत झालेली असते. तरीही पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात खुणेची पिन अडकवून ठेवावी.

परदेशी नमुना वापरताना तो अमेरिकी नावांचा आहे की ब्रिटिश नावांचा, हे आधी तपासावे. येथे वापरलेले सिंगल क्रोशे हे अमेरिकी नाव आहे. ब्रिटिश नमुन्यात त्याच टाक्याला डबल क्रोशे म्हणतात, तर आपल्या नेहमीच्या खांबाला अमेरिकी नमुन्यात डबल आणि ब्रिटिश नमुन्यात ट्रेबल म्हणतात. गफलत झाली तर मॅटची उंची जवळजवळ दुप्पट होते.

रंग बदलण्याचा नेमका क्षण

चौकोनांच्या उभ्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या दिसत असतील, तर रंग एक पायरी उशिरा बदलला जातो आहे. टाका पूर्ण झाल्यावर नवा धागा घेतला, की त्या नव्या टाक्याच्या डोक्यावर जुन्या रंगाचा फास बसतो आणि शेजारच्या चौकोनात घुसलेला दिसतो. समजा, पाच गडद टाक्यांनंतर मध्यम रंग आणायचा आहे. चौथा टाका नेहमीसारखा पूर्ण करावा. पाचव्यासाठी सुई खालच्या टाक्यात घालून गडद धागा ओढून वर आणावा. आता सुईवर दोन फास असतात. इथे गडद धागा सोडून मध्यम रंगाचा धागा सुईवर घ्यावा आणि तो दोन्ही फासांतून ओढून काढावा. पाचवा टाका गडदच राहतो, पण सुईवर उरलेला फास मध्यम रंगाचा असतो, आणि हाच फास सहाव्या टाक्याचे डोके बनतो. खांबाच्या विणीत हीच कृती शेवटचे दोन फास उरले असताना करावी. एक चौकोनी पट्टा संपून दुसरा सुरू होतानाही हा नियम लागू आहे: शेवटच्या टाक्याचा शेवटचा ओढा नव्या रंगाने घ्यावा, म्हणजे पलटतानाची साखळीही नव्या रंगाची येते.

सोडलेला धागा कुठे जातो, यावर कापडाची मागची आणि पुढची बाजू अवलंबून असते. सुलटी बाजू समोर असताना तो मागे सोडावा. उलटी बाजू समोर असलेल्या ओळीत तो आपल्याकडे, म्हणजे पुढे आणावा. ही दक्षता न घेतल्यास सुलट्या बाजूवर एकाआड एक ओळीत आडवे तुटक धागे दिसतात, आणि ते का दिसतात हे बराच वेळ उमगत नाही.

पट्ट्यात दोनच रंग असतात, त्यामुळे आतून एकच धागा न्यायचा असतो. तो मागच्या ओळीच्या डोक्यावर सपाट ठेवून त्याच्यावरून टाके घालावेत. तो ओढला गेला तर चौकोन आक्रसतात, मॅटला वाटीसारखा खोलगटपणा येतो आणि कोस्टर टेबलावर डुलू लागते. सैल राहिला तर टाक्यांमधून वेटोळी डोकावतात. प्रत्येक चौकोन झाल्यावर विणलेला भाग आडवा ताणून मोकळा सोडावा, म्हणजे आतला धागा हवी तेवढी लांबी घेतो. पांढऱ्या चौकोनांतून आतला रंगीत धागा दिसत असेल, तर वीण सैल आहे. वेष्टनावर सुचवलेल्या सुईपेक्षा अर्ध्या मिलिमीटरने बारीक सुई घेऊन पाहावे. आतला धागा ओळीच्या अगदी शेवटच्या टाक्यापर्यंत न्यावा, कारण तो मध्येच सोडल्यास कडेचा चौकोन इतरांपेक्षा पातळ पडतो.

गुंड्यांचा गुंता टाळण्यासाठी एक गुंडा कायम डावीकडे आणि दुसरा उजवीकडे ठेवावा आणि काम एका ओळीनंतर घड्याळाच्या दिशेने, तर पुढच्या ओळीनंतर उलट दिशेने पलटावे. एकाच दिशेने पलटत राहिल्यास धाग्यांना पीळ पडतच जातो.

जाळीची आणि उभ्या साखळ्यांची चौकडी

एकरंगी टेबलक्लॉथसाठी भरलेल्या आणि उघड्या घरांची चौकडी शोभते. उघडे घर म्हणजे एक खांब आणि दोन साखळ्या. भरलेल्या घरात त्या दोन साखळ्यांच्या जागी दोन खांब येतात. पायाची साखळी मोजताना येथे हमखास गोंधळ होतो. पहिले घर उघडे असेल तर घरांच्या संख्येच्या तिपटीत पाच मिळवावेत आणि पहिला खांब सुईपासून आठव्या साखळीत घ्यावा; पहिले घर भरलेले असेल तर तिपटीत तीन मिळवून चौथ्या साखळीत घ्यावा. ३० घरांना अनुक्रमे ९५ आणि ९३ साखळ्या लागतात. घरे चौरस न येता आडवी पसरत असतील, तर सुई बदलण्यापूर्वी खांबासाठी ओढलेला पहिला फास थोडा उंच ओढून पाहावा. खांबाची उंची प्रामुख्याने तिथेच ठरते. भरलेली घरे उघड्यांपेक्षा रुंद होऊन कड लाटेसारखी दिसत असेल, तर दोन साखळ्या जरा सैल घ्याव्यात.

दुसऱ्या प्रकारात आडव्या पट्ट्यांची जाळी आधी विणून तिच्या भोकांतून नंतर उभ्या साखळ्या काढल्या जातात. त्या घट्ट झाल्या की कापड उंचीला आखूड होते, म्हणून या साखळ्यांसाठी मोठी सुई घ्यावी. सर्व साखळ्या एकाच कडेपासून सुरू कराव्यात, नाहीतर त्यांच्या टोकांची दिशा आलटून पालटून उलटी दिसते. आणि धागा आधी मापून तोडण्याऐवजी गुंड्यापासूनच विणत जावे.

टोके, काठ आणि पहिले धुणे

टेबलावरच्या कापडात गाठ मारू नये. तिच्यावर पेला ठेवला की तो तिरका उभा राहतो, आणि धुताना ती सुटते ती वेगळीच. किमान १५ सेंटिमीटरचे टोक ठेवावे आणि बोथट सुईने त्याच रंगाच्या चौकोनात एकदा पुढे, मग मागे आणि पुन्हा पुढे असे खोवावे. कामाच्या शेवटी साठवून ठेवलेली टोके कंटाळ्याने आखूड कापली जातात, म्हणून प्रत्येक पट्ट्यानंतर ती मार्गी लावलेली बरी.

काठाची झालर फुगत असेल तर टाके जास्त आहेत, आणि काठ आत ओढत असेल तर कमी आहेत. वर आणि खाली प्रत्येक टाक्यावर एक टाका, तर उभ्या कडेला नमुन्याच्या मापाइतकेच प्रमाण ठेवावे; वरच्या उदाहरणात सहा ओळींवर पाच टाके. कोपऱ्यात एकाच जागी तीन टाके घ्यावेत. कडेने वर नेलेले धागे याच काठाखाली झाकले जातात.

विणून झालेले कापड थेट इस्त्रीखाली घालू नये. ते थंड पाण्यात भिजवून, पिळून न काढता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे आणि सपाट पृष्ठभागावर न गंजणाऱ्या टाचण्यांनी चारही कडा पट्टीने मोजत ताणून बसवावे. आधी चारही कोपरे, मग कडांचे मध्य आणि शेवटी मधल्या जागा असा क्रम ठेवावा. पूर्ण वाळेपर्यंत टाचण्या काढू नयेत. याने किरकोळ वाकडेपणा निघतो, पण टाक्यांची चूक निघत नाही. खळ केलेले कापड फार दिवस ठेवायचे असेल तर खळ धुऊन टाकावी, कारण कसर तिच्याकडे आकर्षित होते. घडी घालण्याऐवजी ते कागदी नळीवर गुंडाळावे, म्हणजे घडीच्या रेषेवर पिवळेपणा धरत नाही.

काम पूर्ण झाल्यावर एखाद्या चौकोनात चुकून दुसऱ्या रंगाचा एकच टाका दिसला, तर सगळे उसवण्याची गरज नाही. योग्य रंगाचा धागा बोथट सुईत ओवून त्या टाक्याच्या आकारावरून तसाच टाका भरावा आणि टोके मागे खोवावीत. मात्र अख्खी ओळ एका टाक्याने सरकली असेल तर भरतकामाने ती झाकली जात नाही. अशा वेळी तिथपर्यंत उसवावे आणि उसवताना दोन्ही धागे एकदम न ओढता एकेक टाका सोडवत दोन्ही गुंड्यांवर वेगवेगळे गुंडाळत जावे.